डायच्या त्रिज्येवर लेसरचे खळगे: भोसरीतल्या एका ड्रॉ डायचे प्रकरण

पत्रा पंचाने डायच्या भोकात ओढून (ड्रॉ करून) बनवलेल्या कपाच्या बाहेरच्या भिंतीवर उभी लाईन, म्हणजे ओरखडा, आली, की फिटर आधी डायच्या तोंडावर नख फिरवतो. वरच्या सपाट भागावरून नख त्रिज्येवर, म्हणजे तोंडाच्या गोलाकार कडेवर, उतरते, खाली भिंतीकडे जाते आणि मध्येच कुठेतरी अडकते. जिथे नख अडकते तिथे स्टेनलेसचा कण डायला चिकटून बसलेला असतो. एमरी निघते, डायमंड पेस्ट निघते, अर्धा तास प्रेस उभी राहते. मग पुढचे काही शे नग चांगले निघतात आणि पुन्हा लाईन दिसू लागते.

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या टूलरूमला ही तक्रार तोंडपाठ आहे. पुढचे प्रकरण एका ठरावीक कारखान्याचे नाही. अशा कामांत पुन्हा पुन्हा भेटणारी परिस्थिती एकाच डायवर बसवली आहे. मापे मात्र वहीत मांडून पडताळता येतील अशीच घेतली आहेत.

जॉब आणि डाय

नग: फिल्टर हाऊसिंगचा कप. पत्रा एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४, ०.८ मिमी, २बी (नेहमीचे गुळगुळीत) फिनिश. ब्लँक (पत्र्याची गोल चकती) २१० मिमी, पंच (तिला डायमध्ये ढकलणारा भाग) १२० मिमी, म्हणजे ड्रॉ रेशो १.७५. एकाच ड्रॉमध्ये सुमारे ६० मिमी उंची मिळते. प्रेस १०० टनी हायड्रॉलिक, कुशनसह (ब्लँकची कड दाबून धरण्यासाठी). डाय एचसीएचसीआर टूल स्टीलची (डी-टू), कडकपणा ६० एचआरसीच्या आसपास, अखंड, बाहेरचा व्यास ३०० मिमी, तोंडाची त्रिज्या ८ मिमी.

ड्रॉचा जोर काढू. १२० मिमी व्यास, ०.८ जाडी आणि पत्र्याची ताणशक्ती ६०० मेगापास्कल धरली तर कपाची भिंत तुटण्याचा जोर सुमारे १८१ किलोन्यूटन येतो. १.७५ रेशोला त्याच्या साधारण ०.९४ पट जोर लागतो, म्हणजे १७० किलोन्यूटन, म्हणजेच १७ टनांच्या थोडा वर. हा जोर परिघावर वाटला की दर मिलिमीटरला ४५० न्यूटन ताण येतो. त्याला ८ मिमी त्रिज्येने भागले की त्रिज्येवरचा सरासरी दाब मिळतो: सुमारे ५६ मेगापास्कल. ही फक्त सरासरी झाली. पत्रा वळायला सुरुवात करतो तिथे आणि पुन्हा सरळ होतो तिथे दाबाची दोन टोके असतात आणि तिथला दाब सरासरीच्या कितीतरी पट असतो. पुढचे बहुतेक निर्णय या दोन टोकांवरूनच ठरतात.

३०४ इतका का चिकटतो? त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साईडचा पातळ थर असतो. त्रिज्येवर पत्रा वाकताना आणि ताणला जाताना हा थर फाटतो आणि उघडा, ताजा धातू डायला भिडतो. तेलाची फिल्म तिथे तुटलेली असेल तर एक बारीक कण डायला वेल्ड झाल्यासारखा बसतो. ३०४ घडवताना झपाट्याने कडक होतो, त्याचा काही भाग मार्टेन्साइट या कडक रचनेत बदलतो. त्यामुळे तो चिकटलेला कण मूळ पत्र्यापेक्षा खूप कडक असतो. पुढचा प्रत्येक कप त्या कणावरून नांगरला जातो, आणि दर नगाबरोबर कणही वाढत जातो.

लेसरकडे जाण्याआधी

डायचा मूळ दोष झाकायला टेक्स्चर, म्हणजे लेसरने पाडलेले सूक्ष्म खळगे, वापरू नये. तो झाकला जात नाही, उलट खर्च वाया जातो. या डायमध्ये दोन दोष आधीच होते.

पहिला क्लिअरन्सचा, म्हणजे पंच आणि डाय यांच्यातल्या फटीचा. बोअर (डायचे भोक) १२१.८४ मिमी होते, म्हणजे एका बाजूला ०.९२ मिमी, जाडीच्या १.१५ पट. कागदावर हे ठीक दिसते. पण ड्रॉमध्ये ब्लँकची कड आत येते तेव्हा परीघ आक्रसतो आणि पत्रा जाड होतो. कडेची जाडी जास्तीत जास्त ०.८ गुणिले १.७५ चे वर्गमूळ, म्हणजे १.०६ मिमीपर्यंत जाऊ शकते. ०.९२ च्या फटीतून ही कड ओढली की आयर्निंग होते, म्हणजे भिंत दाबली जाऊन पातळ होते. त्याची खूणही स्पष्ट होती: कपाच्या वरच्या दहा-बारा मिलिमीटरवर आरशासारखा चकचकीत पट्टा. बोअर १२२.१ ला नेल्यावर पट्टा गेला आणि वरच्या भागातल्या लाईन निम्म्याहून कमी झाल्या. लेसरला हात लावण्याआधीच.

दुसरा दोष पॉलिशच्या दिशेचा. फिटर डाय लेथवर फिरवून एमरी लावत होता, त्यामुळे पॉलिशच्या रेघा गोल, परिघाच्या दिशेने पडलेल्या. पत्रा मात्र त्यांना आडवा वाहतो, आणि प्रत्येक रेघ त्याला बारीक कानस ठरते. शेवटचे पॉलिश नेहमी पत्रा वाहतो त्या दिशेने, म्हणजे तोंडाकडून भिंतीकडे, हातानेच करायचे.

हे दोन्ही सुधारूनही त्रिज्येवर चिकटणे थांबले नाही. तेव्हा कुठे पर्यायांची चर्चा सुरू झाली.

पीव्हीसी फिल्म लावून ओढले तर लाईन येत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. पण फिल्म सोलायला माणूस लागतो आणि त्रिज्येवर फाटलेल्या फिल्मचे तुकडे डायमध्ये अडकतात. क्लोरिनेटेड पॅराफिनचे जाड तेल चिकटणे नक्की रोखते. पण या कपावर पुढे वेल्डिंग आहे, आणि धुण्यात राहिलेले क्लोरीन स्टेनलेसला खड्डे पाडते, म्हणून ग्राहकाने ते बंद करायला सांगितले होते. पीव्हीडी कोटिंगचा (वाफेतून बसवलेल्या कडक थराचा) विचार झाला, पण डाय कडक केल्यावर २०० अंशांना तापवून टेम्पर केलेली. पीव्हीडीच्या भट्टीत तापमान ४५० ते ५०० अंशांपर्यंत जाते. तिथे ही डाय पुन्हा टेम्पर होईल, कडकपणा आणि माप दोन्ही हलेल. कोटिंग करायचे असेल तर ५०० अंशांच्या वर टेम्पर केलेली डाय मुळातच बनवून घ्यावी लागते. राहिला ॲल्युमिनियम ब्राँझच्या रिंगचा पर्याय. नवी डाय करायची असती तर स्टेनलेससाठी तोच पहिला विचारात घ्यावा. ब्राँझला ३०४ सहसा चिकटत नाही. पण डाय अखंड होती, रिंगसाठी खिसा काढलेला नव्हता. म्हणून त्रिज्येवर लेसर टेक्स्चर आणि सोबत क्लोरीनविरहित, सल्फरयुक्त ईपी (जास्त दाब सोसणारे) तेल, ४० अंशांना सुमारे १०० सेंटिस्टोक घट्टपणाचे, असे ठरले.

खळगे नेमके काय करतात

पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे-खळगे तेलाच्या फिल्मला दाब देऊ शकतात, हे हॅमिल्टन, वॉलोविट आणि ॲलन यांनी १९६६ मध्ये मांडले. १९९० च्या दशकात इस्राएलमधल्या टेक्नियन संस्थेत इझाक एट्सिऑन यांनी लेसरचे खळगे मेकॅनिकल सीलवर यशस्वी करून दाखवले. तिथे गती मोठी आणि दाब माफक असतो. प्रत्येक खळगा म्हणजे एक छोटे बेअरिंग, त्यात तेलाचा दाब तयार होतो.

ड्रॉ डायमध्ये तसे होत नाही. पत्रा सेकंदाला काही सेंटिमीटर सरकतो आणि दाब पन्नास-साठ मेगापास्कलच्या पुढे. त्या गतीला तेलाची पाचर तयार होत नाही. इथे काम वेगळ्या रीतीने चालते. पत्रा खळग्यावरून जाताना अगदी किंचित आत दबतो, खळग्यातले तेल कोंडले जाते आणि सरकत्या पत्र्याबरोबर खळग्याच्या कडेवरून पुढच्या सपाट भागावर ओढले जाते. जिथे फिल्म तुटणारच होती, तिथे तेलाचा एक पातळ हात फिरतो. शिवाय सुटलेला बारीक कण खळग्यात पडतो आणि पत्र्याखाली घासत पुढे जात नाही.

किती तेल मावते, हे एकदा मोजून पाहावे. खळगा ५० मायक्रॉन व्यासाचा, ५ मायक्रॉन खोल, बशीसारखा, आणि पृष्ठभागाचा १० टक्के भाग खळग्यांचा, असे धरू. बशीची सरासरी खोली साधारण निम्मी, म्हणजे २.५ मायक्रॉन. त्याचे १० टक्के म्हणजे पाव मायक्रॉन जाडीच्या फिल्मइतकेच तेल. पूर्ण टेक्स्चर केलेल्या ४१ चौरस सेंटिमीटरवर ते होते सुमारे १ घन मिलिमीटर. ड्रॉपरच्या एका थेंबाचा पन्नासावा हिस्सा. म्हणून खळग्यांना तेलाची टाकी समजणे ही सर्वांत महागात पडणारी गैरसमजूत आहे. ते तेल साठवत नाहीत, वाटतात. दर स्ट्रोकला ब्लँकवर तेल आले नाही तर दोन-चार नगांत खळगे कोरडे पडतात. मग उरतो तो कडा असलेला खडबडीत पृष्ठभाग, साध्या पॉलिशपेक्षाही वाईट.

पिनवरची चाचणी

थेट डायवर लेसर मारला नाही. डायच्याच मटेरियलच्या, तसाच हार्डनिंग-टेम्परिंग केलेल्या १६ मिमीच्या पिना घेतल्या. १६ मिमीची पिन म्हणजे नेमकी ८ मिमी त्रिज्या. त्यांवरून ०.८ मिमी जाड, २० मिमी रुंद पट्टी ९० अंशांत वाकवून यूटीएमवर (ताण-चाचणी यंत्रावर) ओढायची. ही सोय पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सहज मिळते. मागच्या टोकाला ठरावीक ताण, पुढच्या टोकाचा जोर मोजायचा. पट्टी वाकवायलाच काही जोर लागतो, तो वेगळा काढण्यासाठी तीच पट्टी बेअरिंगवर मोकळ्या फिरणाऱ्या पिनवरून एकदा ओढायची.

गणित असे: मागचा ताण ३००० न्यूटन, पुढचा ४०००, वाकवण्याचे २५० धरले तर ३७५० भागिले ३००० म्हणजे १.२५. त्याचा नैसर्गिक लॉग ०.२२३. त्याला ९० अंशांच्या रेडियन मापाने, १.५७ ने, भागले की घर्षणांक ०.१४ येतो. हा आकडा पद्धत कळावी म्हणून दिला आहे, प्रत्येकाने आपल्या पत्र्यावर आणि आपल्या तेलावर काढावा.

या चाचणीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ४००० न्यूटनला पिनवरचा दाब होतो २५ मेगापास्कल. त्याहून फार पुढे गेले तर पट्टीच ताणली जाते. म्हणजे पिनवरचा दाब डायवरच्या दाबाच्या निम्म्याहून कमीच राहतो. पिनवर चांगले दिसलेले टेक्स्चर डायवर फसू शकते. पिनवर वाईट दिसलेले डायवर सुधारत नाही. चाळणी म्हणून चाचणी उत्तम, पण शेवटचा कौल तिच्याकडून घेऊ नये.

पिनांवर घनता ५, १० आणि २० टक्के, खोली ३, ५ आणि १० मायक्रॉन, व्यास ५० आणि १०० असे वेगवेगळे जोड घेतले. १०० मायक्रॉनचे खळगे २० टक्के घनतेने मारलेल्या पिनेवरची पट्टी टॉर्चखाली तिरकी धरली की बारीक ठिपक्यांची नक्षी दिसायची. पत्रा खळग्यात उतरून परत बाहेर घासला जात होता. रुंद खळग्याचे हे ठरलेले दुखणे आहे, दाब वाढला की आणखी वाढते. १० मायक्रॉन खोलीने ५ पेक्षा वेगळा फायदा दिला नाही. खळगा अरुंद आणि खोल झाला की तळाचे तेल वर येतच नाही. ५ टक्क्यांना फरक जेमतेम. म्हणून ५० मायक्रॉन व्यास, ५ मायक्रॉन खोली, १० टक्के घनता असे पक्के झाले.

मांडणी चौकोनी ऐवजी षटकोनी, मधमाशीच्या पोळ्यासारखी. चौकोनी मांडणीत पत्रा वाहण्याच्या दिशेने खळगे नसलेल्या सरळ गल्ल्या राहतात आणि त्या गल्लीत तेलाचा हात फिरतच नाही. षटकोनी मांडणीतही रांग वाहण्याच्या दिशेशी थोडी तिरकी ठेवावी. १० टक्क्यांना दोन खळग्यांच्या केंद्रांत १५० मायक्रॉन अंतर येते, आणि एका चौरस सेंटिमीटरात सुमारे ५,१०० खळगे.

डायवर मारताना

सपाट तुकड्यावर मारणे आणि गोल तोंडाच्या आतल्या त्रिज्येवर मारणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मार्किंगच्या फायबर लेसरची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर आणि ठिपका ४० मायक्रॉनचा धरला तर फोकस चांगला राहण्याची खोली एका बाजूला जेमतेम मिलिमीटरभर, आणि खऱ्या बीमसाठी त्याहून कमी. खळग्याचे माप सारखे हवे असेल तर फोकस ०.२ मिमीच्या आत ठेवावा. त्रिज्या मात्र ८ मिमी खाली उतरते.

म्हणून त्रिज्येचे १८ अंशांचे पट्टे पाडले. १८ अंशांच्या पट्ट्यात मध्यापासून कडेपर्यंतचा उतार ०.१ मिमी. परिघावर ६ अंशांचे, साधारण ७ मिमी रुंद खाने, त्यांचा बाक ०.०९ मिमी. दोन्ही मिळून ०.२ च्या आत बसतात. डाय तिरकी बांधून रोटरी टेबलावर ६० जागी फिरवायची, मग पुढच्या पट्ट्यासाठी कल बदलायचा.

असे पाच पट्टे होतात. पाचवा, म्हणजे पत्रा त्रिज्या सोडून भिंतीला लागतो तो, मारलाच नाही. त्याच्यासमोर लेसर काटकोनात आणायचा तर स्कॅन हेड जवळजवळ आडवे करावे लागते आणि ते डायच्या सपाट तोंडाला धडकते. तिरके मारले तर खळगे लांबट आणि उथळ होतात. पण अडचण नसती तरी तो पट्टा सोडलाच असता. तिथे दाबाचे दुसरे टोक आहे, आणि पत्र्यावर डायचा शेवटचा हात तिथेच फिरतो. तिथे जे उमटेल ते कपावर राहते. तो भाग गुळगुळीत हवा.

पंचावर खळगे मारायचा मोह अनेकांना होतो. तो टाळावाच. पंचाच्या नाकावर घर्षण हवे असते. तिथे पत्रा पंचाला धरून राहिला तर कपाचा तळ पातळ होत नाही. घर्षण कमी हवे ते डायच्या त्रिज्येवर आणि ब्लँकची कड दाबून धरणाऱ्या ब्लँक होल्डरखाली. तेलसुद्धा ब्लँकच्या डायकडच्या बाजूलाच लावावे.

चार पट्टे, ४१ चौरस सेंटिमीटर, सुमारे दोन लाख नऊ हजार खळगे. सेकंदाला २०० धरले तरी लेसर चालू असतो सतरा-अठरा मिनिटेच. वेळ जातो २४० वेळा डाय फिरवून जागेवर आणण्यात. प्रत्येकी २० सेकंद धरले तर ८० मिनिटे. लेसर कंपनीने मिनिटावर दर लावला तर या दुसऱ्या आकड्याकडे बघावे.

पहिला घाव फसला तो कुठे

पहिला प्रयत्न २० वॉटच्या साध्या नॅनोसेकंद लेसरवर, २० किलोहर्ट्झला, एका खळग्याला एक पल्स. म्हणजे एका पल्समध्ये १ मिलिज्यूल ऊर्जा, ४० मायक्रॉनच्या ठिपक्यावर. चौरस सेंटिमीटरला ८० ज्यूलच्या आसपास. इतक्या ऊर्जेला स्टीलची वाफ होते त्याहून जास्त ते वितळते, आणि वितळलेले स्टील वाफेच्या दाबाने बाहेर फेकले जाऊन काठावर गोठते. प्रत्येक खळग्याभोवती तीन-चार मायक्रॉन उंच कडे, म्हणजे बर, तयार झाले, आजूबाजूला शिंतोडे. हे गोठलेले स्टील कडक आणि ठिसूळ असते.

वरवर बफ मारून डाय प्रेसवर चढवली. पहिल्या पंधरा-वीस नगांतच लाईन, आधीपेक्षा जास्त. दोन लाख खळगे म्हणजे दोन लाख कडी. तेल पोहोचण्याआधीच त्यांनी पत्र्याला ओरबाडले, आणि ३०४ चिकटायला तेवढे कारण पुरे झाले.

बर आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाशिवायही कळते. कापसाचा बोळा टेक्स्चरवरून अलगद ओढावा. काठ स्वच्छ असेल तर बोळा सरकतो. बर असेल तर कापसाचे पांढरे धागे डायवर अडकून राहतात, तिरक्या उजेडात ते केसांसारखे उभे दिसतात. डाय प्रेसवर चढवण्याआधी ही एक मिनिटाची परीक्षा घ्यायलाच हवी.

दुसऱ्या वेळी, जुने टेक्स्चर पूर्ण काढून, वारंवारता ८० किलोहर्ट्झला नेली. एका पल्सची ऊर्जा पाव मिलिज्यूलवर आली. प्रत्येक खळग्याला तीन पल्स, पण सलग नाहीत. पूर्ण खान्यावर एक फेरा, मग दुसरा, मग तिसरा, म्हणजे मधल्या वेळात खळगा थंड होतो. कडे एक-दीड मायक्रॉनवर आले. खोली मुद्दाम साडेसहा मायक्रॉन ठेवली. मग ८ मिमी त्रिज्येला बसेल अशा घडवलेल्या कठीण लाकडी पट्टीवर ६ मायक्रॉनची आणि नंतर ३ मायक्रॉनची डायमंड पेस्ट घेऊन, वाहण्याच्या दिशेने लॅपिंग. कडे गेले, सोबत वरचा दीडेक मायक्रॉन गेला, खोली ५ राहिली. फेल्ट किंवा कापडी बफ इथे वापरू नये. ते खळग्यात शिरते, काठ गोल करते आणि कडे तसेच ठेवते.

लॅपिंगनंतर खळग्यांत डायमंड पेस्ट राहते. ती राहिली तर पहिल्या शंभर नगांत पत्र्यावर घासकाम तीच करते. केरोसीन आणि नायलॉनचा ब्रश, तीन वेळा, आणि शेवटी पांढऱ्या कापडावर करडा डाग येईनासा होईपर्यंत.

पिकोसेकंद लेसरने हा सगळा खटाटोप बराच कमी होतो. दहा पिकोसेकंदांच्या आतल्या पल्समध्ये उष्णता आजूबाजूला पसरायच्या आतच धातू उडतो, कडे जवळपास राहत नाही. पण एका पल्सला काही दशक नॅनोमीटरच जातात, ५ मायक्रॉनला शेकडो पल्स लागतात, आणि मशीनही महाग. डायवर नंतर कोटिंग व्हायचे असेल तर तो खर्च करावा, कारण कड्यावर बसलेले कोटिंग कड्यासकट उडते. साध्या डायला नॅनोसेकंद आणि नीट लॅपिंग पुरते.

साठ बारीक लाईन

दुसऱ्या वेळी चिकटणे थांबले, पण वेगळीच तक्रार आली. कपावर अगदी फिकट, हाताला न लागणाऱ्या, पण सारख्या अंतरावरच्या उभ्या रेषा. गॉलिंगची, म्हणजे चिकटलेल्या कणाची, लाईन कधी सारख्या अंतरावर येत नाही. कपाच्या पाव परिघावर मोजल्या तर पंधरा. पूर्ण परिघावर साठ, अंतर सव्वासहा मिलिमीटर. रोटरी टेबलाचे थांबे साठच होते.

दोन खान्यांच्या सांध्यावर खळगे एकमेकांवर पडू नयेत म्हणून थोडी मोकळी जागा सोडली होती. चारही पट्ट्यांतले सांधे एकाखाली एक आले, आणि तोंडापासून खालपर्यंत खळगे नसलेली एक सलग गल्ली तयार झाली. पत्र्याचा तोच तो भाग पूर्ण त्रिज्येवर तेलाविना उतरत होता. सांध्यांवर खळग्यांची एकेक रांग हाताने जागा बसवून भरली, तशा रेषा गेल्या. मुळात पुढच्या प्रत्येक पट्ट्याला अर्धा खाना, म्हणजे ३ अंश, सरकवून सुरुवात केली असती तर हे काम उरलेच नसते.

चालू उत्पादनात

आधी प्रत्येक पाळीत किमान एकदा डाय पॉलिश व्हायची. टेक्स्चरनंतर पाळीतले थांबे गेले, डायची तपासणी आठवड्याच्या मेंटेनन्सवर आली. याचे पूर्ण श्रेय खळग्यांना देणे चूक ठरेल. क्लिअरन्स आणि पॉलिशची दिशा यांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि तो आधीच मोजून ठेवला होता म्हणूनच उरलेला फरक खळग्यांचा असे म्हणता येते.

एकदा तेलाच्या रोलरचा फेल्ट कोरडा पडला आणि ऑपरेटरला लगेच कळले नाही. थोड्याच नगांत लाईन आली. १ घन मिलिमीटरचे गणित प्रेसवर असे दिसते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी शेड दहा-बारा अंशांवर असते, तेच तेल मेमधल्या दुपारपेक्षा कैक पट घट्ट होते आणि रोलरवरून नीट उतरत नाही. हिवाळ्यात पाळी सुरू करताना तेलाचा ट्रे थोडा कोमट करून घ्यावा. पावसाळ्यात उलट काळजी. डी-टूमध्ये १२ टक्के क्रोमियम असले तरी तो स्टेनलेस नाही. खळग्यात तेलाखाली पाण्याचा अंश राहिला तर तिथूनच गंज धरतो. पाळी संपली की डाय पुसून, केरोसीनने धुऊन, गंजरोधक तेल लावूनच झाकावी.

सर्वांत मोठा धोका मात्र जुन्या सवयीचा. लाईन दिसली की हात एमरीकडे जातो, आणि ५ मायक्रॉन खोलीला ४०० नंबरची एमरी पाच मिनिटे पुरते. म्हणून डायच्या बाजूवर पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिले: एमरी लावू नये. कण चिकटलाच तर फक्त तेवढ्याच जागी, लाकडी काडीवर ३ मायक्रॉनची पेस्ट घेऊन, वाहण्याच्या दिशेने काढायचा आणि खळगे धुवायचे.

रफनेस टेस्टरच्या आरए (सरासरी खडबडीतपणाच्या) आकड्याने खळग्यांची झीज कळत नाही. सुई कधी खळग्यात उतरते, कधी नाही, दर वेळी आकडा वेगळा. खोली मोजायला सिलिकॉनची रेप्लिका घेऊन ऑप्टिकल प्रोफायलरखाली बघणे हा पक्का मार्ग, पण तो दर आठवड्याला परवडत नाही. शनिवारी यूएसबी सूक्ष्मदर्शकाने चार ठरावीक जागी खळग्याचा फक्त व्यास मोजायचा. खळगा बशीसारखा असल्यामुळे वरून झिजला की तोंडही लहान होते. ५० व्यास आणि ५ खोलीच्या बशीत खोली ३ उरली की व्यास ३९ होतो, २ उरली की ३२. तीन ठिकाणी ३५ च्या खाली आकडा आला की डाय पुन्हा टेक्स्चरला पाठवायची: आधी जुने खळगे लॅपिंगने पूर्ण काढून, कारण जुन्यावर नवे मारले तर एकावर एक पडून रुंद, वेडेवाकडे खड्डे होतात. काढलेल्या प्रत्येक थराने त्रिज्या आणि बोअर किती हलले, हे त्याच वहीत व्यासाच्या रकान्याशेजारी लिहायचे.